टास्क मॅनेजरमधील अनोळखी नावे : कोणती बंद करावीत, कोणती नाहीत?

आष्टा - सात-बाराचा उतारा, पीकविमा, महाविद्यालयीन प्रवेशाचा अर्ज अशी अनेक कामे आष्ट्यासह संपूर्ण वाळवा तालुक्यात आता संगणकावरूनच होतात. ऐन मुदतीच्या दिवशी संगणक मंदावला, की ‘टास्क मॅनेजर’ उघडून त्यातील अनोळखी नावे एकामागून एक बंद करण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र, संगणकाचा सारा डोलारा पेलणाऱ्या प्रोसेसही याच यादीत असतात. त्यांपैकी एखादी बंद झाल्यास अर्धवट भरलेला अर्ज तर जातोच. शिवाय संगणकही जागीच थांबू शकतो.

प्रोसेस म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेला प्रोग्राम. वापरकर्त्याने एकही प्रोग्राम उघडला नसला, तरी विंडोज या कार्यप्रणालीत अनेक प्रोसेस पडद्यामागे सतत कार्यरत असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबल्यास त्यांची यादी दिसते.

पडद्यामागचे कारभारी

सिस्टिम आयडल प्रोसेस : हिच्यापुढे ९० किंवा ९५ हा आकडा दिसला, की अनेकजण घाबरतात. वास्तविक प्रोसेसरचा किती टक्के वेळ रिकामा आहे, हे हा आकडा सांगतो. तो मोठा असणे चांगलेच.

एसएमएसएस व सीएसआरएसएस : संगणक सुरू होताना पहिली कामाला लागते, ती एसएमएसएस. वापरकर्त्याचे सत्र तीच उभारते आणि सीएसआरएसएसलाही तीच सुरू करते. सीएसआरएसएस बळजबरीने बंद केल्यास निळा पडदा येऊन संगणक थांबतो.

विनलॉगऑन व एलएसएएसएस : विनलॉगऑन वापरकर्त्याला प्रवेश देण्याचे काम पाहते, तर पासवर्डची शहानिशा एलएसएएसएस करते.

सर्व्हिसेस व एसव्हीसीहोस्ट : छपाई, नेटवर्क, ध्वनी अशा सेवा सुरू करणे व थांबवणे हे ‘सर्व्हिसेस’चे काम. यांतील अनेक सेवा स्वतंत्रपणे चालू शकत नाहीत; त्यांना एसव्हीसीहोस्टचा आसरा लागतो. त्यामुळे हे नाव यादीत अनेकदा दिसते. पुरेशी मेमरी असलेल्या संगणकावर २०१७ पासूनच्या विंडोज १० मध्ये बहुतेक सेवांना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळतो. म्हणून हे नाव डझनावारी दिसले, तरी तेवढ्यावरून व्हायरसचा संशय घेऊ नये.

एक्सप्लोरर : डेस्कटॉप आणि खालची पट्टी हिच्यामुळे दिसते. ती अडकल्यास टास्क मॅनेजरमधूनच ‘रीस्टार्ट’ करता येते. संगणकाला धोका नसतो.

नाव तेच, पत्ता वेगळा

याच नावांचा आडोसा व्हायरसही घेतात. २००३ मधील ‘वेल्शिया’ या वर्मने एसव्हीसीहोस्ट नावाचीच फाइल सिस्टिम ३२ मधील ‘विन्स’ या उपफोल्डरमध्ये ठेवली होती. खरी फाइल थेट सिस्टिम ३२ मध्ये असते. म्हणजे फरक अवघ्या एका फोल्डरचा होता. त्यामुळे केवळ नाव पाहून निर्णय घेणे धोक्याचे ठरते.

२००४ मध्ये जर्मनीतील एका विद्यार्थ्याने तयार केलेल्या ‘सॅसर’ने एलएसएएसएसमधील त्रुटीचा फायदा घेतला. ही प्रोसेस कोसळली, की साठ सेकंदांची उलटगणती सुरू होऊन संगणक आपोआप बंद होत असे.

खऱ्याखोट्याची पारख करण्यात तज्ज्ञांचीही चूक होते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या अद्ययावत फाइलने विंडोज एक्सपीमधील अस्सल एसव्हीसीहोस्टलाच व्हायरस ठरवले. परिणामी जगभरातील असंख्य संगणकांचे नेटवर्क तुटले आणि ते पुनःपुन्हा बंद-चालू होऊ लागले.

अँटिव्हायरस हादेखील पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रामच. पुण्यात कैलास व संजय काटकर बंधूंनी विकसित केलेले ‘क्विक हील’ असो वा विंडोजचे स्वतःचे ‘डिफेंडर’, संगणक मंदावला म्हणून त्यांना बंद करणे म्हणजे चोराला दार उघडून देणेच होय.

काय करावे?

संशयास्पद नावावर माऊसचे उजवे बटण दाबून फाइलचे ठिकाण दाखवणारा पर्याय निवडावा. वर उल्लेखिलेल्या प्रोसेसच्या फाइल सिस्टिम ३२ मध्ये, तर एक्सप्लोररची फाइल ‘विंडोज’ फोल्डरमध्ये असते. आयडल प्रोसेसला मात्र स्वतंत्र फाइल नसते. ठिकाण भलतेच आढळल्यास किंवा नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे असल्यास प्रथम अँटिव्हायरसने तपासणी करावी. फाइल स्वतःहून पुसू नये.

संगणक केवळ मंद झाला असेल, तर आपण स्वतः उघडलेले प्रोग्राम आधी बंद करावेत. त्यापूर्वी भरलेला अर्ज जतन करून ठेवावा आणि शक्य असल्यास संगणक एकदा रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा. ज्या नावाचे काम ठाऊक नाही, त्याला माहिती घेतल्याशिवाय हात न लावणेच श्रेयस्कर.