लाँगहॉर्नची वंशावळ

त्र्यंबकेश्वराच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या अनेक पिढ्यांचीं नांवें सांपडतात. गुरांच्या कुळाची अशी लेखी दाद मनुष्यानें फार उशिरां घेतली. इंग्लंडांत जॉर्ज कोट्स यानें शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळ छापून काढली ती १८२२ सालीं. तेव्हांपासून, ज्याचे आईबाप नोंदलेले तें जनावर कुलीन, असा दंडक पडला. परंतु नोंद आणि रक्त यांचा मेळ बसतोच असें नाहीं. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानाच्या लाँगहॉर्न गुरांचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे.

कोलंबसानें १४९३ च्या दुसऱ्या सफरींत गुरें बरोबर नेलीं व तीं हिस्पॅनिओला बेटावर उतरविलीं. स्पॅनिश लोकांनीं नेलेल्या गुरांचा वंश पुढें मेक्सिकोंत व तेथून टेक्सासांत पसरला. तेथें त्यांना ना गोठा होता, ना वैरण, ना राखण. पाण्यासाठीं कोसच्या कोस चालावें, काटेरी झुडपें ओरबाडून पोट भरावें, रानांत एकटीनेंच व्यावें आणि लांडग्यांपासून वासरूं शिंगांच्या बळावर राखावें, असा गाईचा संसार. जीं दुबळीं तीं मेलीं; जीं उरलीं तीं काटक निपजलीं. ही निवड मनुष्यानें नव्हे, रानानें केली. मालक गुरांना डाग देत आणि तो डाग सरकारी दप्तरांत नोंदवीत. पण त्यावरून जनावर कोणाच्या मालकीचें एवढेंच कळे, तें कोणाच्या पोटचें हें कळत नसे.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें. त्यानंतर, १८६७ पासून, हे कळप कॅन्ससमधील ॲबिलीनच्या रेल्वे स्टेशनाकडे शेंकडों मैल चालत जाऊं लागले. ते सुखरूप पोहोंचत. पण ज्या कुरणांवरून ते जात तेथील उत्तरेकडच्या गाई तापानें पटापट मरत. हा ताप गोचिडांमार्फत पसरतो, हें थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं १८९३ सालीं सिद्ध केलें. टेक्सासचीं गुरें तो वासरूपणींच सोसून निभावलेलीं असत.

तथापि हा काटकपणा बाजारांत टिकला नाहीं. १८७४ सालीं ग्लिडन यानें काटेरी तारेचें पेटंट घेतलें. मोकळीं रानें कुंपणांत गेलीं. मालकांनीं इंग्लंडांतील मांसल जातींचे वळू आणले व जुन्या रक्ताचा संकर झपाट्यानें झाला. शेवटीं १९२७ सालीं वनखात्याच्या विल बार्न्स प्रभृति अधिकाऱ्यांनीं दक्षिण टेक्सासांत हिंडून, हजारों गुरें पाहून, २० गाई व ३ वळू निवडले. ओक्लाहोमांतील विचिटा पर्वताच्या अभयारण्यांत त्यांची स्थापना झाली. निवडीस आधार काय, तर शिंगें, बांधा व चेहरा. कागद नव्हताच.

१९६४ सालीं पैदासकारांची संस्था निघाली व वंशनोंदणी सुरू झाली. पण जेथें शिंगांच्या लांबीवर किंमत ठरते, तेथें परक्या रक्ताला वहींत शिरावयास वेळ लागत नाहीं. म्हणून १९९० सालीं निघालेल्या दुसऱ्या नोंदणीसंस्थेनें प्रत्यक्ष पाहणीला रक्तपरीक्षेची जोड दिली. पुढें डी. एन. ए. परीक्षा आली. शेपटीचे कांहीं केस मुळांसकट उपटले कीं काम भागतें. प्रत्येक खुणेचा एक भाग आईकडून व एक बापाकडून येतो. वासरांतील खूण नोंदलेल्या दोघांतहि नसेल तर बहुधा वही चुकली. मात्र केस कोणत्या जनावराचे, तें कोणत्या दिवशीं व कोणत्या गाईला झालें, हें गोपालकानें टिपलें नसेल तर प्रयोगशाळाहि लंगडी पडते.

२०१३ सालीं टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनीं इतरांच्या साहाय्यानें या गुरांचा आनुवंशिक इतिहास प्रसिद्ध केला. ज्यांच्या शुद्धतेसाठीं एवढी धडपड, तीं मुळांतच संकरित ठरलीं. त्यांच्यांत युरोपीय रक्ताबरोबर, आफ्रिका व स्पेन यांच्या वाटेनें आलेला, हिंदुस्थानांतील वशिंडाच्या गुरांचाहि अंश आहे. खिल्लाराशीं त्यांचें असें दूरचें नातें निघालें.

तेव्हां जपावयाचें तें रक्ताचें सोंवळें नव्हे. दुष्काळांत व रोगांत तगण्याचे जे गुण रानानें शेंकडों वर्षांत निवडले, ते होत. ते एकदां संकरांत विरले कीं कोणतीहि वही ते परत देऊं शकत नाहीं. ते कोठें उरले आहेत, एवढें मात्र ती सांगूं शकते.