गंजलेल्या पत्र्याची बखर

वाचकहो, जुन्या जीपगाडीची दुरुस्ती हा इतिहासाचा विषय कसा काय, असे तुम्ही मनात म्हणाल. तुमचे म्हणणे वावगे नाही. इतिहास म्हणजे ताम्रपट, शिलालेख, मोडी दप्तरे, असेच आपण धरून चालतो. पण समजा, तुमच्यापैकी कुणी नुकताच वेल्डिंग शिकू लागला आहे, आणि गावाकडे मांगरात वर्षानुवर्षे पडून असलेली जीप आपल्या हाताने पुन्हा रस्त्यावर आणायची, असे त्याने मनावर घेतले आहे. तो पहिल्यांदा काय करील? जिथे भोक दिसते तिथे पत्र्याचा तुकडा ठेवील, चार टाके मारील, वरून रंग देईल. आणि दोन पावसाळ्यांत ते ठिगळ सुटून हातात येईल. कारण जीप जिथे गंजलेली दिसते तिथे गंजाला सुरुवात झालेलीच नसते. सुरुवात कुठे झाली ते कळायला 1940 सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी जूनमध्ये जर्मनीपुढे फ्रान्स पडला आणि अमेरिकेच्या लष्कराला एकाएकी जाग आली, की आपल्याजवळ टेहळणीसाठी एखादी हलकी, चपळ गाडी नाही. जुलैत 135 कंपन्यांना मागणीपत्रे गेली. अटी मोठ्या विलक्षण होत्या. चारही चाकांना इंजिनाचा जोर हवा, वजन सुमारे 590 किलोंच्या आत हवे आणि पहिला नमुना 49 दिवसांत हजर हवा! बहुतेक कंपन्यांनी पाठ फिरवली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम ही कंपनी तेव्हा बुडीत निघाली होती. तिला गमावण्यासारखे काही नव्हते. तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावले. त्याने काही दिवसांतच आराखडे हातावेगळे केले आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या लष्करी तळावर दाखल झाली. ठरलेल्या वजनात ती बसली नाही. ते शक्यच नव्हते. लष्करालाही ते उमगले आणि मर्यादा वाढत वाढत अखेर 2160 पौंडांवर, म्हणजे सुमारे 980 किलोंवर आली.

आता पाहा, गंजाची गोष्ट इथेच सुरू होते. टोलेडो शहरातल्या विलीज-ओव्हरलँड कंपनीचे 60 अश्वशक्तीचे इंजिन स्पर्धेत सर्वांत जोरदार होते, पण गाडी वजनाला भारी. डेल्मर रूस हा तिथला मुख्य इंजिनिअर. त्याच्या माणसांनी म्हणे गाडीचा एकेक भाग तोलून पाहिला आणि लागतील त्याहून लांब असलेले बोल्टसुद्धा आखूड केले. हिशेब इतका काठावर आला की, रंगाचा आणखी एक हात दिला असता तर गाडी नापास झाली असती, असे सांगतात. या गोष्टीला थोडा मीठमसाला लागला असेलही. तरी तिचा रोख खरा आहे. जिथे रंगाचेसुद्धा वजन मोजले जात होते, तिथे पत्रा जाड ठेवायला कोण सांगणार? बॉडीचा पत्रा एक-सव्वा मिलिमीटरच्या घरातला. लढाईतल्या गाडीचे आयुष्य ते किती! ऐंशी वर्षांनी कुणी या पत्र्याखाली उताणे पडून छिन्नी चालवील, हे त्या लोकांच्या स्वप्नातही आले नसेल.

पुढे विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून 1945 पर्यंत सहा लाखांवर जीपा बनवल्या. एवढ्या गाड्या काढायच्या तर हाताचे काम कमी करावे लागते. विलीजच्या पहिल्या गाड्यांची तोंडापुढची जाळी पोलादी पट्ट्या एकमेकींना वेल्ड करून केलेली असे. फोर्डने ती एका पत्र्यातून दाबून, नऊ फटी पाडून काढली. ती हलकी, स्वस्त आणि झटपट होणारी निघाली. 1942 मध्ये विलीजनेही तीच उचलली. जीपचा जो चेहरा आपण ओळखतो तो असा वेल्डिंग वाचवण्याच्या खटपटीतून आलेला आहे.

बॉडीचेही तसेच. पत्र्यावर पत्रा ठेवायचा, तांब्याच्या दोन टोकांत दाबायचा आणि क्षणभर विजेचा जोरदार प्रवाह सोडायचा. मध्ये एक ठिपका वितळतो आणि सांधा होतो. हे स्पॉट वेल्डिंग. विजेच्या प्रवाहाने धातू असा सांधण्याचे पेटंट एलिहू थॉमसन याने 1886 मध्ये घेतले होते. कारखान्याला ही रीत फार सोयीची. पण ठिपका तेवढा जुळतो, दोन ठिपक्यांमधली जागा जुळत नाही. तिथे केसाएवढी फट राहते. पाणी त्या फटीत आपसूक चढते आणि सहजी बाहेर येत नाही. रंग मात्र तिच्यात पोहोचत नाही. गंज मूळच्या लोखंडाहून कितीतरी जास्त जागा खातो, म्हणून तो आतून दोन्ही पत्र्यांना रेटू लागतो. बाहेरून तुम्हाला रंगाला आलेला फुगवटा तेवढा दिसतो. बॉडी आख्खीच्या आख्खी रंगाच्या हौदात बुडवून, विजेच्या साहाय्याने सांधीकोपऱ्यात रंग बसवण्याची युक्ती मोटारधंद्यात आली ती 1960 नंतर. तोवर जीपचे जे व्हायचे ते होऊन गेले होते.

लढाईतल्या जीपमध्ये याहूनही एक गंमत आहे. तळाच्या पत्र्याला बळकटी यावी म्हणून खालून टोपीच्या आकाराच्या पोलादी पन्हळी जोडल्या आणि त्यांच्या पोकळीत लाकूड भरले. लाकूड पाणी पिते, हे आपल्याकडे कुठलाही सुतार सांगेल. ओले लाकूड लोखंडाला बिलगून वर्षानुवर्षे बसले, आणि तळ वरून धड दिसत असताना खालून पोखरला गेला. दुसरी जागा ड्रायव्हरच्या बैठकीखाली. पेट्रोलची टाकी तळातल्या एका खळग्यात बसवलेली असते, आणि त्या खळग्याचे पाणी जायचे भोक चिखलाने बुजले की खळग्याचे डबके होते. मागच्या कोपऱ्यांतल्या हत्यारपेट्या ही तिसरी जागा. तेव्हा शिकाऊ मित्रा, वेल्डिंगचे मशीन चालू करण्याआधी या तीन जागी टोच्याने टोचून पाहा. टोच्या आत गेला, तर तिथे पत्रा नाही, पत्र्याची आठवण आहे.

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा? काही लढाईबरोबर आल्या आणि लढाई संपल्यावर सरकारी विक्रीत निघाल्या. 1948 मध्ये लंडनमार्फत आपल्या लष्करासाठी डागडुजी केलेल्या जीपांचा सुमारे 80 लाख रुपयांचा सौदा झाला. आल्या फक्त 155, आणि त्या चालण्याजोग्या नाहीत म्हणून संसदेत मोठे वादळ उठले. स्वतंत्र भारतातला तो पहिला गाजलेला खरेदी-घोटाळा. मला त्यातल्या राजकारणात शिरायचे नाही. पण डागडुजी केलेली गाडी या शब्दावर किती विसंबावे, एवढे त्यावरून समजते. मुंबईत महिंद्र बंधूंची कंपनी 1945 मध्ये निघाली ती पोलादाच्या व्यापारासाठी. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. विलीज जीपची जुळणी तिने माझगावात सुरू केली. पुढे खेड्यापाड्यांत, साखर कारखान्यांत, पाटबंधाऱ्यांच्या कामांवर, पोलीस ठाण्यांत जी उंच बॉनेटची जीप आपण पाहिली ती तिचीच. पत्र्यावर पत्रा ठेवून सांधण्याची रीतही तीच. त्यात कोकणची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. मग काय विचारता!

त्या गाड्या तेव्हा दुरुस्त होत त्या गॅसवर. कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनवायची रीत 1892 मध्ये सापडली, कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन निघतो, आणि तो प्राणवायूत जाळला की 3000 अंशांहून कडक ज्योत मिळते, हे फ्रान्समधल्या ल शातेलिए यांनी 1895 मध्ये दाखवले. 1903 पर्यंत तिच्यासाठी हाती धरायचे ब्लोपाइप तयार झाले. जुन्या गॅरेजांतला तो कार्बाइडचा उग्र वास पुष्कळांना आठवत असेल. ज्योत उत्तम, पण ती आजूबाजूचा पत्राही तापवते, आणि पातळ पत्रा तापला की पापडासारखा वाकडा होतो. ठोकून तो सरळ करणारे कारागीर होते. तुमच्या हाताला ती कला नाही, म्हणून तुमच्यासाठी तारेचे मशीन बरे. ते 1948 मध्ये अमेरिकेत निघाले, तेही ॲल्युमिनियमसाठी. महागड्या वायूऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरण्याची सोय 1953 च्या सुमारास झाली, आणि मग बारीक तारेने पातळ पत्रा जोडणे शक्य झाले. म्हणजे जीप जन्मली तेव्हा तिच्या पत्र्याला सर्वांत मानवणारे हत्यार अजून निघायचेच होते.

आता कामाचे. बॅटरी सोडा. टाकी काढून लांब ठेवा; रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ भरलेली असते. गंज दिसतो तिथे न थांबता चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जा. तळहाताएवढे भोक परातीएवढे होईल, होऊ द्या. तुकड्याचे कोपरे गोल ठेवा. एका बाजूने शिवत जायचे नाही, इथे एक टाका, तिथे एक टाका, आणि मधल्या वेळात हात लावता येईल इतके गार होऊ द्यायचे. जिथे कारखान्याने ठिपके दिले होते तिथे वरच्या पत्र्याला भोके पाडून ती वेल्डने भरा, म्हणजे मूळची मांडणी मोडत नाही. जोडण्याआधी आतल्या बाजूंना वेल्डिंगला चालणारा जस्ताचा रंग द्या, आणि त्याच्या धुरापासून नाक जपा. भोकात लांबी भरून कामाचा उरक दाखवणारे पुष्कळ भेटतील, त्यांना नमस्कार करावा.

फिलिपाईन्समध्ये बनलेल्या नव्याकोऱ्या बॉडी विकत मिळतात, मग एवढी यातायात कशाला, असेही कुणी म्हणेल. त्या देशाचा या कामातला अधिकार मोठा आहे. लढाईनंतर उरलेल्या जीपा लांबवून तिथल्या लोकांनी जीपनी नावाची प्रवासी गाडीच घडवली. पैसा असेल आणि तळात काहीच उरले नसेल, तर तसे करावे. पण निम्मा पत्रा धड असेल तर मी तो टाकू देणार नाही. त्यावर फोर्डने बोल्टांवर उमटवलेले बारीकसे एफ अक्षर सापडते, कुण्या जुन्या कारागिराने पितळेने झाळलेला सांधा सापडतो, रंगांचे एकाखाली एक थर सापडतात. लष्करी हिरवा, त्यावर कुठल्या खात्याचा करडा, त्यावर शेतकऱ्याने हौसेने दिलेला लाल. कापलेला तुकडा भंगारात टाकण्यापूर्वी त्याचा एक फोटो काढा आणि मागे जागा लिहून ठेवा.

पन्हळींत पुन्हा लाकूड घालायचे की नाही, यावर जीपवाल्यांत वाद आहेत. गाडी प्रदर्शनात ठेवायची असेल तर घाला. चालवायची असेल तर पन्हळ पोकळ ठेवून आतून तेल मारा. आणि टाकीखालच्या खळग्याचे ते भोक, नवा पत्रा बसवताना, विसरून बुजवू नका. दर पावसाळ्याआधी त्यातून एक तार फिरवा.