डिसोझा म्हणजे सोझाकर

चिपळूणचा तो चिपळूणकर, मंगेशीचा तो मंगेशकर, तसा सोझाचा तो डिसोझा. पोर्तुगीजमधला 'द' हा आपल्या 'कर'चाच भाऊ. फरक इतकाच की तो नावाच्या मागे न लागता पुढे उभा राहतो. द मेलो म्हणजे मेलोकर, द ब्रिटो म्हणजे ब्रिटोकर. हे कळल्यापासून मला माझ्या टीममधले सगळे डिमेलो आणि डिसोझा एकदम पावस-मालगुंडच्या बाजूचे वाटायला लागलेत.

मग हे सोझा आहे कुठे? पोर्तुगालच्या उत्तरेला सोझा नावाची एक नदी आहे. आमच्या कर्जतच्या उल्हास नदीसमोर लहानच. पोर्तो शहराच्या जरा वरच्या अंगाला ती दोउरो या मोठ्या नदीला मिळते. या नदीच्या खोऱ्यातल्या एका सरदार घराण्याने ११व्या शतकात, म्हणजे पोर्तुगाल नावाचं राज्य व्हायच्याही आधी, तिचं नाव लावायला सुरुवात केली. पुढे हे घराणं पोर्तुगालमधल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात मानाच्या घराण्यांत मोजलं जाऊ लागलं.

इथे पहिली गंमत आहे. १३व्या शतकात या सोझांचा पुरुषवंश संपला. राहिल्या त्या मुली. राजा तिसरा अफोन्सो याचे दोन अनौरस मुलगे होते, त्यांची लग्नं या घराण्यातल्या वारसदार मुलींशी झाली आणि त्यांच्या पोरांनी आजोळचं नाव उचललं. नंतर इतिहासात जे सोझा गाजले, आरमारं घेऊन जगभर फिरले, त्यांचं आडनाव आईकडून आलेलं. खानदानी सोझासुद्धा बापाच्या बाजूने मुळात सोझा नव्हतेच. 'रक्त' आणि 'आडनाव' हे दोन शब्द एका दमात उच्चारणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं.

याच घराण्यातला मार्तिम अफोन्सो द सोझा. पोर्तुगालच्या राजाने त्याला १५३० मध्ये ब्राझीलला पाठवलं. तिथे त्याने १५३२ मध्ये साओ व्हिसेंते ही ब्राझीलमधली पहिली कायमची पोर्तुगीज वसाहत वसवली. दोन वर्षांनी, १५३४ मध्ये, हाच माणूस आरमाराचा प्रमुख म्हणून आपल्या समुद्रात हजर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. १५४२ ते १५४५ मार्तिम अफोन्सो गोव्याचा गव्हर्नर होता, आणि ज्या ताफ्यातून तो त्या पदासाठी आला त्याच ताफ्यातून फ्रान्सिस झेव्हियर गोव्याला आला. इकडे ब्राझीलचा पहिला गव्हर्नर-जनरल तोमे द सोझा हाही त्याच घराण्यातला. त्याने १५४९ मध्ये साल्व्हादोर शहर वसवलं. सोझा हे नाव दोन खंडांत एकाच पिढीने पोचवलं. पोचवलं म्हणजे फक्त स्वतःच्या अंगावर मिरवत नेलं, असं नाही.

गोव्यात बार्देशमध्ये फ्रान्सिस्कन आणि साष्टीत जेझुइट पाद्री गावंच्या गावं बाटवत होते. बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती नाव हवं, आणि नावाबरोबर आडनावही यायचं. ते कुणाचं? जो धर्मपिता म्हणून उभा राहील त्याचं. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं. एखाद्या वजनदार अधिकाऱ्याचं. म्हणून एकाच घरातले दोन भाऊ दोन आडनावांचे होऊ शकत आणि शेजारची तीन असंबंधित घरं एकाच आडनावाची. काही जण विश्वासाने गेले, काही जमीन आणि पद टिकवायला, काही भीतीने. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन होतं. हे गाळून आडनावाची गोष्ट गोड करून सांगणं मला जमणार नाही.

पण गोव्यातल्या गावांनी एक गोष्ट जपली. गावची जमीन गावकऱ्यांच्या संस्थेची असायची, ती गावकरी, पुढे पोर्तुगीज कागदांतली कोमुनिदाद. तिच्यात हक्क चालत तो वांगडावर, म्हणजे मूळ कुळावर. आडनाव पोर्तुगीज झालं तरी कोण कोणत्या वांगडाचा हे गावाला ठाऊक. मंगळुरूकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती घरांतही आपण आधी प्रभू, कामत, पै, शेट यांपैकी कोण होतो याची आठवण टिकली. ॲलन मशाडो प्रभू यांनी मंगळुरी ख्रिस्त्यांचा इतिहास १९९९ मध्ये लिहिला, तेव्हा पुस्तकावर दोन्ही आडनावं शेजारी शेजारी छापली. मला हा लेखकाच्या नावाचा प्रकार पुस्तकातल्या एखाद्या प्रकरणाइतकाच बोलका वाटतो.

मी राहतो भिसेगावला, कर्जत स्टेशनजवळ. गावाच्या नावातच एक आडनाव बसलंय, त्यामुळे हा विषय मला उगाच चिकटला नसावा. माझ्या टीममधला एक डिसोझा वसईचा आहे. ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण त्याला एकदा तरी विचारतो, "तू मूळचा पोर्तुगीज का?" तो शांतपणे सांगतो, "नाही रे, मूळचा वसईचा." घरी तो सामवेदी बोलतो, म्हणजे कादोडी. तीच बोली तिथले सामवेदी हिंदूही बोलतात. तो फोनवर आईशी बोलायला लागला की मी कान देऊन ऐकतो. त्यातले काही शब्द माझी आजी बोलायची, मी बोलत नाही.

वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले आणि डिसोझा राहिले, कारण ते इथलेच होते. केळी, पानवेली, मासे, सगळं होतं तसं चालू राहिलं. मुंबई-वसई-ठाण्याच्या या ख्रिस्त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात, आपल्या संस्थेला 'ईस्ट इंडियन' हे नाव दिलं. गोव्याहून नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या डिसोझांपासून आपण वेगळे, आपण इथलेच, हे इंग्रज सरकारला कळावं म्हणून. म्हणजे भूमिपुत्रांनी आपण भूमिपुत्र आहोत हे सांगण्यासाठी एका इंग्रज व्यापारी कंपनीच्या नावाचा आधार घेतला! आडनाव सारखं असलं की माणसाला किती खटपट करावी लागते बघा.

आमच्याच रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात, कोर्लई आहे. तिथे गोष्ट उलटी. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल-कोर्लई सोडून गेले, पण त्यांची भाषा मागे राहिली. किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत आजही मराठीच्या वळणाची एक पोर्तुगीज बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, आपली भाषा. तर एका डिसोझाच्या घरी कादोडी, दुसऱ्याच्या घरी कोकणी, आणि कोर्लईच्या घरांत नौ लिंग. आडनावावरून माणसाची भाषा ओळखायला जाल तर तिथेही फसाल.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. एका कामात ग्राहकांच्या नोंदींतून एकच माणूस दोनदा आला असेल तर शोधून काढायचा होता. देशमुख आणि पाटील सोपे गेले. डिसोझांनी घाम काढला. डी, मग अपॉस्ट्रॉफी, मग सोझा. डी, मग मोकळी जागा, मग सोझा. सगळं जोडून. 'द' पूर्ण लिहून. 'झेड'ऐवजी 'एस'. 'ओयू'ऐवजी नुसता 'ओ'. आणि जिथे फॉर्मला अपॉस्ट्रॉफी चालतच नाही तिथे डी हे मधलं नाव होऊन बसलेलं आणि माणूस नुसता सोझा. वसईच्या मित्राचं आधार एका रूपात, पॅन दुसऱ्या रूपात आणि विमानाचं तिकीट तिसऱ्या.

फॉर्म का अडतात, याचं कारण साधं आहे. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत ते एकेरी चिन्ह म्हणजे 'मजकूर इथे संपला'. नीट न लिहिलेला प्रोग्राम डिसोझांच्या डीनंतरच वाक्य संपलं असं धरतो आणि पुढच्या सोझाला आज्ञा समजून गडबडतो. चोर लोक याच फटीतून आत शिरतात, म्हणून आळशी प्रोग्रामर ते चिन्हच बंद करून टाकतात. उपाय सोपा आहे, सगळ्यांना माहीत आहे, तरी फॉर्म अडतातच.

पण त्या चिन्हाच्या मागे गेलो तेव्हा कळलं की पोर्तुगालमध्ये ते नाहीच. पोर्तुगीजमध्ये 'द'चा स्वर खाऊन अपॉस्ट्रॉफी येतो तो पुढे स्वर असेल तर, जसं द'आल्मेइदा. सोझा व्यंजनाने सुरू होतं, तिथे 'द' सरळ सुटा लिहितात. पोर्तुगालमध्ये 'एस'वालं द सोझा, ब्राझीलमध्ये बहुधा 'झेड'वालं, कारण ते जुनं स्पेलिंग तिकडे टिकलं. अपॉस्ट्रॉफीचं डिसोझा ही आपल्याकडची, इंग्रजी अमदानीतली घडण. जगाच्या पाठीवर कुठेही हे चिन्ह दिसलं की त्या घराचा धागा बहुतेक गोवा, मंगळुरू, मुंबई किंवा वसईला जातो. ज्या एका खुणेवरून हे नाव भारतीय आहे हे कळतं, नेमकी तीच खूण आमचे फॉर्म 'अवैध अक्षर' म्हणून लाल करतात.

बाकी जगात सोझा कुठे कुठे गेले? सगळ्यात जास्त अर्थातच ब्राझीलमध्ये. तिथल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांच्या यादीत सोझा अगदी वर आहे. काही पोर्तुगीजांचे वंशज, पण बाप्तिस्मा मिळालेले मूळनिवासी आणि आफ्रिकेतून आणलेले गुलामही त्यांत आले. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ मध्ये संपली. मोकळ्या झालेल्या कित्येकांकडे कागदावर लावायला जुन्या मालकाचंच आडनाव होतं.

या गोष्टीचा सगळ्यात काळा कोपरा पश्चिम आफ्रिकेत आहे. फ्रान्सिस्को फेलिक्स द सोझा हा ब्राझीलमध्ये जन्मलेला गुलामांचा व्यापारी आजच्या बेनिनमधल्या विदा बंदरात जाऊन बसला. दाहोमेच्या राजाने त्याला 'शाशा' हा किताब दिला. १८४९ मध्ये तो मेला. त्याचा गोतावळा प्रचंड. त्याची मुलं सोझा, आणि त्याच्या आश्रयाची माणसंही सोझा. त्याच बंदरातून जहाजावर चढवलेली माणसं पलीकडे ब्राझीलमध्ये उतरून कुण्या दुसऱ्या सोझाचं नाव लावत होती. १९६९-७० मध्ये पॉल-एमील द सोझा हा लष्करी अधिकारी त्या देशाचा प्रमुखही झाला.

श्रीलंकेत याच नावाचं सोयसा आणि झोयसा झालं. क्रिकेट बघणाऱ्यांना नुवान झोयसा आठवेल. त्याने १९९९ मध्ये हरारे कसोटीत स्वतःच्या पहिल्याच षटकात हॅटट्रिक घेतली होती. सिंहली लोकांत पेरेरा, सिल्व्हा, फर्नांडो अशी पोर्तुगीज आडनावं लावणारे बहुसंख्य लोक बौद्ध आहेत. म्हणजे आडनावावरून धर्मही कळत नाही. केनियात फिट्झ द सोझा हे गोव्याच्या मुळाचे वकील जोमो केन्याटांच्या खटल्यात बचावाच्या बाजूला होते आणि पुढे तिथल्या संसदेचे उपसभापती झाले. बार्देशमधल्या साळगावचा चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा चित्रावर सही करायचा नुसती सोझा.

आणि आपल्याकडे? जिनिलिया डिसोझा २०१२ मध्ये देशमुख झाली आणि 'वेड'नंतर अख्ख्या महाराष्ट्राची वहिनी. एक आडनाव खोऱ्याचं, दुसरं वतनाचं. देशमुख हाही मुळात हुद्दाच. नृत्यदिग्दर्शक रेमो डिसोझाचं जन्मनाव रमेश गोपी नायर. ते केरळी घरातलं. १६व्या शतकात पाद्री जे नाव देत होते ते त्याने २०व्या शतकात स्वतः निवडलं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा विरोध झाला होता, आठवत असेल. आयुष्यभर मराठीत लिहिलेला, वसईतल्या 'सुवार्ता' या मराठी मासिकाचा संपादक राहिलेला माणूस. पण ते ख्रिस्ती धर्मगुरू होते, आणि काही लोकांना ते बाहेरचे वाटले. ब्रिटोकर म्हणून छापलं असतं तर विरोध थोडा कमी झाला असता का, असा आगाऊ विचार माझ्या मनात येऊन गेला होता.

वसईच्या मित्राला दुसरा एक प्रश्न हल्ली फार येतो. "पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो ना तुम्हाला?" मिळत नाही. पोर्तुगालचा कायदा आडनाव बघतच नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना त्या देशाचं नागरिकत्व नोंदवता येतं. त्यासाठी लागते आजी-आजोबांच्या जन्माची तिथली नोंद. वसई १७३९ लाच हातची गेली, तिथल्या डिसोझांना त्या खिडकीवर काही काम नाही. फोंड्यातल्या नाईकांना आहे. आमच्याच टीममधल्या एका नाईकने अर्ज केलाय, आणि सध्या तो आजोबांच्या नावाची पोर्तुगीज कागदावरची तीन वेगवेगळी स्पेलिंगं जुळवत बसलाय.