घोड्यावरची बाई



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हिशेब झाला, वहीवर सह्या झाल्या, आणि गप्पा वळल्या चैत्र अमावस्येच्या जत्रेकडे. आमच्या गटात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आहेत. त्या एकदम म्हणाल्या, "आमच्या वेळी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. त्यात एक बाई होती. घोड्यावर बसलेली, डोळ्यांवर पट्टी, हातात चाबूक. पुरुषांना नुसती लोळवत होती!"

आम्ही विचारलं, "मग पुढे काय झालं?"

"पुढचं कुठलं बघायला मिळतंय? आईने हात धरून उठवलं. बैलगाडी निघाली होती. शेवट राहिलाच बघायचा."

सिनेमाचं नावही आजींना आठवत नाही. ती बाई कोण असेल याचा आम्ही शोध घेतला. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी थोडं दूर जाऊ, अमेरिकेत. तिकडे गुरं राखणाऱ्या घोडेस्वारांना काउबॉय म्हणतात. आपल्याकडच्या गुराख्यासारखंच काम, फक्त रान अफाट आणि गुरं हजारोंनी. त्यांच्यावर तिथे शेकडो सिनेमे निघाले. मोठी टोपी, कमरेला पिस्तूल, वेगवान घोडा. सिनेमा बोलू लागल्यावर हे घोडेस्वार गाऊही लागले. जीन ऑट्री हा त्यातला मोठा गाणारा नट. नायक म्हणून त्याचा पहिला मोठा सिनेमा 1935 साली आला. पुढे रॉय रॉजर्स आला. त्याचा ट्रिगर नावाचा घोडा त्याच्याइतकाच प्रसिद्ध होता. तिकडची म्हातारी माणसं आजही या सिनेमांची आठवण काढून हळवी होतात. त्या गोष्टींत बाईला बहुतेक वेळा एकच काम असायचं. तिने संकटात सापडायचं आणि नायकाने तिला सोडवायचं.

त्याच 1935 साली आपल्या मुंबईत एक सिनेमा लागला. नाव 'हंटरवाली'. हंटर म्हणजे चाबूक. यात दुष्ट वजीर राजाला कैद करतो, आणि राजाची मुलगी डोळ्यांवर मुखवटा चढवून, घोड्यावर बसून गरिबांच्या मदतीला धावते. इथे सोडवणारीच बाई होती.

हा सिनेमा वाडिया मूव्हीटोनचा. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया हे दोघे पारशी भाऊ, जहाजं बांधणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातले. त्यांचा स्टुडिओ परळला होता. पुढे त्याच जागी व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभारलं. अमेरिकेतले मारामारीचे आणि मुखवटेवाल्या वीरांचे सिनेमे या भावांना फार आवडायचे. तोच थाट त्यांनी इथल्या राजा-वजिराच्या गोष्टीत आणला.

चाबूकवाल्या राजकन्येचं काम करणारी होती नादिया. खरं नाव मेरी इव्हान्स. 1908 साली ऑस्ट्रेलियात जन्मली, वडील ब्रिटिश फौजेत. लहानपणी मुंबईत आली. वडील पहिल्या महायुद्धात गेले. नंतर काही वर्षं पेशावरकडे काढली, तिथे घोड्यावर बसायला शिकली. पोटासाठी दुकानात काम केलं, सर्कशीत काम केलं. वाडियांकडे आली तेव्हा हिंदी धड बोलता येत नव्हतं. गोरी, सोनेरी केसांची, अंगाने मजबूत. अशा बाईला लोक राजकन्या म्हणून कसे स्वीकारतील, अशी धंद्यातल्या लोकांना धास्ती होती. सिनेमा 25 आठवडे चालला. तिच्या नावाने बाजारात चाबूक आणि पट्टे विकले जाऊ लागले.

पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल' आला. त्यात ती आगगाडीच्या टपावर मारामारी करते. ही कामं ती स्वतः करायची, बदली माणूस न घेता. 1940 च्या 'डायमंड क्वीन'मध्ये तर गुंडांशी लढता लढता लिहिण्या-वाचण्याचा आणि बाईच्या हक्काचाही विषय येतो. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, सिनेमावर सरकारची कात्री होती. स्वराज्याचं उघड बोलता येत नसे. पण जुलमी वजिराला बाई चाबकाने फोडून काढते हे बघताना लोकांना जे समजायचं ते समजत होतं.

आम्हाला वाटतं, गावाकडच्या माणसांना हे फार परकं वाटलं नसावं. आपल्या वज्रेश्वरीचंच बघा. वसईच्या किल्ल्यासाठी चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, 1739 साली किल्ला सर झाला, आणि देवीचं देऊळ उभं राहिलं, तेही किल्ल्यासारख्या तटाचं. ज्या गावाने शस्त्र धरलेल्या देवीपुढे हात जोडले, त्या गावाच्या जत्रेत चाबूकवाली बाई शोभूनच दिसली असेल.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट वाचून आम्ही थांबलो. पडद्यावर कुणालाही न भिणारी ही बाई आणि होमी वाडिया यांचं एकमेकांवर प्रेम होतं. घरच्यांचा विरोध होता, म्हणून लग्न व्हायला 1961 साल उजाडलं. तेव्हा नादिया पन्नाशी ओलांडून गेली होती. आगगाडीच्या टपावरून उडी मारणं सोपं होतं, उंबरठा ओलांडणं कठीण. 1996 साली ती वारली.

तिच्यानंतर बाईचा घोडा थांबला नाही. 1975 च्या 'शोले'मधली टांगेवाली बसंती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. डाकू मागे लागतात आणि ती धन्नोला पिटाळते. पण टांग्यावरची ती जीवघेणी कामं हेमा मालिनी यांच्या जागी रेश्मा पठाण यांनी केली. त्यात त्यांना दुखापतही झाली. बसंतीचं नाव घराघरात गेलं, रेश्माताईंचं नाव लोकांना कळायला कितीतरी वर्षं लागली. रांधणारी एक आणि वाढणारी दुसरी, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आणि तंबूचं काय झालं? ट्रकमधून फिरणारे ते टॉकीज महाराष्ट्रातल्या जत्रांत पिढ्यान् पिढ्या चालले. जमिनीवर बसायचं, बऱ्याच ठिकाणी बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला. टीव्ही आला, मग मोबाइल आला, तसे तंबू कमी होत गेले. त्यांच्यावर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट झाला, 2016 साली त्याचं फ्रान्समधल्या कान महोत्सवात कौतुक झालं.

पुढच्या बैठकीत आम्ही आजींना मोबाइलवर नादियाच्या एका सिनेमाचा तुकडा दाखवला. चष्मा पुसून त्यांनी फोन अगदी जवळ धरला. "हीच का ती?" आम्ही विचारलं. "असेल," त्या म्हणाल्या. "तोंड नाही आठवत. घोड्यावर बसायची ऐट हीच." मग म्हणाल्या, "शेवटाला लावा."

आम्ही लावला. पण त्यांचं बोलणं आमच्या मनातून जाईना. आजही गावात कार्यक्रम असला की अर्ध्यातून उठतं कोण? भाकरी टाकायच्या असतात, शेवटची गाडी असते, घरातून फोन येतो. पुरुष शेवटपर्यंत बसतात, आणि काय झालं ते आपल्याला दुसऱ्या दिवशी सांगतात.

म्हणून आमच्या गटाने ठरवलंय. महिन्यातून एका दुपारी, सगळ्यांची कामं उरकल्यावर, एक जुना सिनेमा बघायचा. पूर्ण बघायचा. कुणाचं लेकरू रडलं तर दुसरीने घ्यायचं, कुणाच्या घरून बोलावणं आलं तर सगळ्यांनी मिळून सांगायचं, "थांबा, येतेय ती." पहिल्या दुपारी आजी पुढे बसणार आहेत.

तुमच्या घरातल्या आजीला, सासूबाईंनाही विचारा, त्यांचा कोणता सिनेमा अर्धा राहिला. सांगतील ते वहीत लिहून ठेवा.