‘मेलुहाचे मृत्युंजय’ : बलस्थाने, उणिवा आणि आपली वाचनदृष्टी

अमीश त्रिपाठी यांची ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ ही इंग्रजी कादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली. ‘मेलुहाचे मृत्युंजय’ या नावाने ती मराठीतही आली. शिवावरील तीन कादंबऱ्यांच्या मालिकेचा हा पहिला भाग आहे. २०११ आणि २०१३ मध्ये पुढचे दोन भाग आले आणि मालिकेच्या लाखो प्रती खपल्या. आपल्या वस्तीतल्या, महाविद्यालयातल्या मुलामुलींच्या हातातही ती दिसते. म्हणून तिला नुसते डोक्यावर घेणे किंवा न वाचताच झिडकारणे, दोन्ही आम्हाला योग्य वाटत नाही.

कथानक थोडक्यात

काळ इसवी सनपूर्व १९०० चा. तिबेटातल्या एका टोळीचा तरुण प्रमुख शिव आपल्या लोकांसह मेलुहा या सूर्यवंशी राज्यात येतो. तिथले सोमरस नावाचे औषध घेतल्यावर त्याचा गळा निळा होतो आणि लोक त्याला तारणहार ‘नीळकंठ’ मानू लागतात. राजकन्या सतीवर त्याचे प्रेम बसते. पण सती ‘विकर्म’ ठरवली गेलेली आहे. मृत मूल जन्मणे किंवा असेच एखादे मोठे दुर्दैव वाट्याला येणे म्हणजे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ, असे मेलुहाचा कायदा मानतो. अशा माणसाला शिवायचे नाही, शिवल्यास शुद्धी करून घ्यायची. शिव हा कायदा झुगारतो. पुढे चंद्रवंशींशी युद्ध होते आणि ज्यांना दुष्ट समजून लढलो ते दुष्ट नव्हतेच, हे त्याला युद्ध जिंकल्यावर कळते.

बलस्थाने

पहिले बळ ओघवत्या कथनाचे. ज्यांनी आधी कादंबरी हातात धरली नव्हती अशा अनेकांना या मालिकेने वाचनाकडे वळवले.

दुसरे, इथे देव हा माणूस आहे. तो चुकतो, घाबरतो, पश्चात्ताप करतो. देवत्व कर्तृत्वातून आणि लोकांच्या श्रद्धेतून घडते, ही मांडणी भाविक वाचकालाही विचार करायला लावते.

तिसरे, अस्पृश्यतेचा अन्याय वाचकाला टोचतो. सती शूर आहे, विवेकी आहे, तरी तिचा स्पर्श विटाळ ठरतो. हा विषय एरवी ज्यांच्या घरात निघत नाही, अशा वाचकांपर्यंत तो पोहोचला, हे मान्य केले पाहिजे.

चौथे, शत्रूला राक्षस ठरवण्याची सवय कादंबरी शेवटी मोडते. पुढच्या भागांत मेलुहाच्या आदर्शावरही लेखक स्वतःच प्रश्न उभे करतो.

उणिवा

सर्वात मोठी उणीव अस्पृश्यतेच्या चित्रणातच आहे. विकर्म ही वैयक्तिक आपत्तीची शिक्षा आहे. ती राजकन्येलाही लागू होते. प्रत्यक्षातली अस्पृश्यता जन्माने लादली गेली. तिच्यामागे जमीन, पाणवठा, सक्तीचे काम आणि शास्त्रांचा आधार होता. जात वगळून अस्पृश्यतेचा निषेध केला की वाचक हळहळतो, पण त्याला स्वतःच्या जातीकडे पाहावे लागत नाही.

दुसरी उणीव वर्णव्यवस्थेच्या समर्थनाची. मेलुहात मुले राज्याच्या ताब्यात, आईबापांची ओळख न ठेवता वाढवली जातात आणि परीक्षेवरून त्यांचा वर्ण ठरतो. जन्माचा वारसा तुटतो, म्हणून अनेक तरुणांना ही सुधारणा वाटते. पण उतरंड तशीच राहते. गुणकर्मावर आधारित चातुर्वर्ण्याचा हाच युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये खोडून काढला होता. माणसांचे गुण इतके विविध असतात की त्यांना चार कप्प्यांत कोंबता येत नाही, आणि कोंबायचेच तर दंडाची भीती लागते, असे त्यांनी दाखवले. त्यासाठी त्यांनी उदाहरण दिले ते रामराज्यातल्या शंबूकाच्या वधाचे. मेलुहाची व्यवस्था रामानेच घालून दिली, असे कादंबरी सांगते. शंबूकाचा प्रश्न मात्र ती या आदर्शासमोर ठेवत नाही.

तिसरी उणीव, मुक्ती वरून येते. नीळकंठाच्या अधिकाराने कायदा हटतो. विकर्म माणसांना युद्धात शौर्य दाखवायची संधी मिळते, पण त्यांची संघटना नाही, त्यांचा सत्याग्रह नाही. महाड आणि काळाराम आपल्या लोकांनी स्वतः लढवले. तारणहाराची वाट पाहण्याची शिकवण आपल्याला परवडणारी नाही.

चौथी उणीव इतिहासाची. ‘मेलुहा’ हे नाव मेसोपोटेमियाच्या लेखांत येते आणि बहुतेक अभ्यासक ते सिंधू संस्कृतीशी जोडतात. पण त्या संस्कृतीची लिपी अजून वाचली गेलेली नाही. तिथे राम, वेद आणि वर्ण होते, हे कल्पित आहे. कादंबरीला ते स्वातंत्र्य आहे. वाचकाने त्याला पुरावा समजू नये.

कर्माचा प्रश्न

विकर्माचा कायदा कादंबरीत रद्द होतो, पण पूर्वकर्माची कल्पना आपल्या आजूबाजूला जिवंत आहे. अपंग मूल झाले, नवरा गेला, की ‘मागच्या जन्मीचे’ हा शब्द आजही कानावर येतो. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात तथागत सांगतात की प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते हे म्हणणे चुकीचे आहे. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशीही कारणे असतात. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पुढचा मुद्दा मांडला: पूर्वकर्माचा सिद्धांत गरिबाच्या अवस्थेची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून काढून घेतो.

निर्मळच्या परिसरातून वाचताना

वसई तालुक्यातील निर्मळ हे तळे, मंदिर आणि कार्तिकातील जत्रेसाठी ओळखले जाते. परशुराम आणि विमलासुराची कथा इथे सांगतात. जवळच्या नालासोपाऱ्यात ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाखाली १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना स्तूप सापडला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ साली निर्मळजवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा.

हा नववा लेख मंगल विधींविषयी आहे. आजारपण, लग्न, जन्म, प्रवास अशा वेळी लोक नाना विधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि सेवकांशी योग्य वागणूक, गुरूंचा आदर, प्राण्यांबाबत संयम, असे अशोक सांगतो.

आमच्या मते ही कादंबरी जरूर वाचावी आणि अभ्यासवर्गात चर्चेला घ्यावी. वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत: अन्यायाचे कारण कोणते सांगितले आहे? तो कोण संपवतो? आणि संपल्यावर उतरंड उरते की जाते? ‘मेलुहा’ पहिल्या दोन प्रश्नांवर अडखळते, तिसऱ्यावर अधिकच. तरीही हे प्रश्न विचारायला लावणारे पुस्तक तरुणांच्या हाती आयते आले आहे. ते वाया जाऊ देऊ नये.