पण रानड्यांनी स्वतः काय केलं?

मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एका सीनियरने माझा कोड बघून सांगितलं, "याला टेस्ट लिही." मी फाडकन म्हणालो, "तुझ्या मॉड्यूलला तरी कुठे आहेत?" सगळे हसले, सीनियर गप्प. शुक्रवारी रात्री माझाच कोड कोसळला. त्याच्याकडे टेस्ट नव्हत्या हे खरंच होतं. पण माझ्याकडेही नव्हत्या ना!

तेव्हा मला न्यायमूर्ती रानडे आठवले.

१८५६ च्या कायद्याने हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता मिळाली होती, पण घराघरांत फारसं काही बदललं नव्हतं. विधवाविवाहाला शास्त्राचा आधार आहे, असं हिरिरीने मांडणाऱ्यांत माधवराव रानडे पुढे होते. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. आता हे विधवेशीच लग्न करणार, असं लोकांना वाटलं. पण वडिलांनी ११ वर्षांची मुलगी ठरवली आणि तिशीतल्या माधवरावांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. ती मुलगी म्हणजे रमाबाई.

मग टीका झाली. बोलायचं एक, करायचं दुसरं! खरं सांगू? आरोप बरोबरच होता. मी रानड्यांचा चाहता असलो तरी इथे सारवासारव करणार नाही. वडिलांचा मान राखला, हे कारण आहे, उत्तर नाही.

पण त्या लग्नाने त्यांचा युक्तिवाद चुकीचा ठरला का? २० वर्षं पुढे या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी खरोखरच विधवेशी लग्न केलं. मग लोकांनी मान डोलावली? छे! त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार टाकला. म्हणजे बोलून केलं नाही तर ढोंगी, आणि करून दाखवलं तर धर्मबुडवा. ज्यांना मुद्दा ऐकायचाच नव्हता, त्यांना दोन्हीकडून पळवाट होती.

रानडे ढोंगी ठरले म्हणून एकाही बालविधवेचं केशवपन थांबलं नाही. तिचा प्रश्न तिथेच राहिला, चर्चा मात्र रानड्यांची झाली.

माणसाचा हिशोब जरूर मागा. फक्त मुद्द्याचा हिशोब त्यात बुडवू नका.

आणि हो, सोमवारी मी आधी टेस्ट लिहिल्या. त्याच्या मॉड्यूलचं नंतर विचारलं. भेटू पुढच्या भागात!