ठिगळांचं गाठोडं

माझ्या कपाटात एक सीडी आहे. तिच्यावर काळ्या मार्करनं लिहिलंय : 'एक्सपी पॅच, ऑक्टो. ०५'. आत पन्नासेक फायली, आणि त्या एकामागून एक चालवणारी एक बॅच फाइल. त्या वर्षी मी तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरायचो. दोन पतसंस्था, एक टायपिंग क्लास, एक छापखाना आणि बाकी घरगुती गिऱ्हाइकं. कुणाचं विंडोज नव्यानं टाकलं की शेवटी ही सीडी घालायची आणि चहा प्यायचा. त्या सीडीत काय घ्यायचं आणि काय नाही, हे ठरवण्यात माझा एक अख्खा रविवार गेला होता. पुढे कळलं, की हा रविवार माझ्याआधी बऱ्याच जणांनी घालवला आहे, आणि काहींचा तर तो वर्षानुवर्षं चालला.

पॅच म्हणजे ठिगळ, आणि सुरुवातीला ते खरोखरचं ठिगळच होतं. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालेलं मार्क वन हे यंत्र भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा वाचायचं. चुकीच्या जागी भोक पडलं, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. अशी ठिगळं लावलेली पट्टी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयानं जपून ठेवली आहे. तेव्हा 'कोणतं ठिगळ घ्यायचं' हा प्रश्नच नव्हता. यंत्र एक, पट्टी तिथलीच, आणि चिकटवणारा हातही तिथलाच.

प्रश्न उभा राहिला तो एकच प्रोग्रॅम हजार ठिकाणी जायला लागल्यावर. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांच्या जगात दुरुस्तीला 'प्रोग्रॅम टेम्पररी फिक्स', म्हणजे पीटीएफ म्हणत. नाव तात्पुरत्या दुरुस्तीचं, पण आपल्याकडच्या तात्पुरत्या पुलांसारख्या त्याही वर्षानुवर्षं टिकायच्या. अशा दुरुस्त्या टेपवर एकत्र भरून ग्राहकांकडे जात. प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिची कुंडलीही असायची : हिच्याआधी कोणती बसलेली हवी, ही कुणाची जागा घेते. गाठोडं बांधायचं तर आतल्या वस्तूंचं आपसातलं नातं माहीत हवं, ही अक्कल त्या लोकांना आधीच आली होती. घरगुती कॉम्प्युटरच्या जगाला ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली.

मायक्रोसॉफ्टनं विंडोज एनटीसाठी १९९३ नंतर जी गाठोडी काढली, त्यांना 'सर्व्हिस पॅक' हे नाव मिळालं. पण आत काय असावं याचा नियम काही ठरलेला नव्हता. कधी नुसत्या दुरुस्त्या, कधी त्यांच्याबरोबर नव्या सोयीही. शिवाय एनटी ४ मध्ये एक वैताग होता. नेटवर्कचा एखादा भाग किंवा नवा ड्रायव्हर मूळ सीडीवरून टाकला, की सीडीतल्या जुन्या फायली सर्व्हिस पॅकनं दिलेल्या नव्या फायलींवर येऊन बसायच्या. मग पॅक पुन्हा चालवायचा. नवा धोतरजोडा घेतला म्हणून पुन्हा मुंज करण्यातला प्रकार.

१९९९ मध्ये या एनटी ४ चा सहावा पॅक आला आणि प्रशासकाचे अधिकार नसलेल्या लोकांचं लोटस नोट्स हे ई-मेलचं सॉफ्टवेअर नेटवर्कला जोडलं जाईना. कचेऱ्यांमध्ये प्रशासक एक आणि बाकी सगळे साधे वापरकर्ते. म्हणजे बहुतेकांची ई-मेलच बंद. लगोलग '६ए' काढावा लागला. आजही जुन्या लोकांसमोर 'सहा' म्हटलं, की ते 'ए' पुढे जोडतात. सातव्या पॅकचं नियोजन होतं, तो निघालाच नाही. त्याऐवजी २००१ मध्ये फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा एक गठ्ठा दिला गेला. गाठोड्यात जितकं जास्त, तितकी काहीतरी मोडण्याची शक्यता जास्त. धडा एवढाच होता आणि महागात मिळाला होता.

त्याच वर्षी एक छोटं साधन आलं, त्याचं नाव क्यूचेन. आता ते कुणाला आठवतही नसेल, पण या कुळकथेत मी त्याला मानाचं पान देईन. तोवर पाच पॅच टाकायचे तर मशीन पाच वेळा बंद-चालू करायचं. कारण पॅच वापरात असलेली फाइल तिथल्या तिथे बदलू शकत नाही; 'पुढच्या वेळी सुरू होताना ही बदल' अशी चिठ्ठी लिहून ठेवतो. पाच पॅचनी एकाच फाइलसाठी पाच चिठ्ठ्या ठेवल्या, तर कधी शेवटी जुनीच आवृत्ती बसायची. क्यूचेन त्या चिठ्ठ्या वाचून, सगळ्यांत नवी आवृत्तीच उरेल असं बघायचं आणि मशीन एकदाच सुरू करू द्यायचं. सगळे पॅच एका दमात टाकायचे, ही कल्पना घरगुती माणसाच्या आवाक्यात आली ती इथे. माझी बॅच फाइल हे तिचंच नातवंड.

मागणी मात्र भीतीनं वाढवली. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टनं ८२३९८० क्रमांकाचा पॅच काढला. जेमतेम चार आठवड्यांनी, ११ ऑगस्टला, त्या पॅचनं बुजवलेलंच भोक वापरून ब्लास्टर नावाचा किडा सुटला. ज्यांनी पॅच टाकला नव्हता, ते तो उतरवायला इंटरनेटला जोडले जात, आणि पॅच उतरण्याआधीच पडद्यावर साठ सेकंदांचं उलटं घड्याळ येऊन मशीन बंद. औषध आणायला जायचा रस्ताच साथीच्या मोहल्ल्यातून. अशा वेळी औषध घरात आधीच असावं लागतं, म्हणजे सीडीवर.

मायक्रोसॉफ्टनंही ते ओळखलं. ऑक्टोबर २००३ पासून पॅच महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी येऊ लागले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत तो 'पॅच मंगळवार' खऱ्या अर्थानं बुधवारीच साजरा होतो. २००४ च्या फेब्रुवारीत मोफत सुरक्षा-सीडीही वाटली गेली, पण तिच्यात ऑक्टोबर २००३ पर्यंतचेच पॅच होते. याला दोष देता येत नाही. अंक छपाईला गेला की त्यानंतरची बातमी त्यात नसते. प्रत्येक गाठोड्याला अशी एक तारीख असतेच, आणि ती तारीख ठरवणं हा 'काय घ्यायचं' यातला पहिला निर्णय.

ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. नाव पॅक, पण आत अर्धं नवं घर : फायरवॉल आपोआप चालू, सुरक्षेचं वेगळं केंद्र, ब्राउझरमध्ये आगंतुक खिडक्यांना बंदी. जुने प्रोग्रॅम अडखळणार हे कंपनीलाही माहीत होतं. त्यांची यादी तिनं स्वतःच काढली, आणि मोठ्या कचेऱ्यांना तो पॅक आपोआप बसणं १२ एप्रिल २००५ पर्यंत थोपवायची मुभा दिली. पूर्ण पॅक सुमारे २६६ एमबीचा. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर, लाइन एकदाही न तुटता, त्याला साडेदहा तास लागले असते. आमच्या गावात लाइन न तुटता साडेदहा मिनिटं गेली तरी आम्ही खूश असायचो. मी तो मुंबईहून एका मित्राच्या पेन ड्राइव्हवर मागवला.

आणखी एक गोष्ट उघड बोलली जात नसे. आमच्याकडच्या असेंबल केलेल्या मशीनवरचं विंडोज बऱ्याचदा चोरीचं असे. बाजारात फिरणाऱ्या ठरावीक चोरट्या चाव्यांवर एक्सपीचे सर्व्हिस पॅक बसायला नकार देत. रोगी कुणाचा आहे हे बघून लस द्यायची का, हा प्रश्न मायक्रोसॉफ्टलाही सोपा गेला नाही. सर्व्हिस पॅक अडवला, तरी सुरक्षेचे महत्त्वाचे पॅच आपोआप येत राहू दिले. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता. किडा परवाना बघून शिरत नाही.

याच काळात हौशी लोकांनी स्वतःची गाठोडी बांधायला घेतली. २००३ मध्ये सुरू झालेलं ऑटोपॅचर हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं. दर महिन्याच्या पॅच मंगळवारनंतर नवी आवृत्ती. आत कप्पे : महत्त्वाचे पॅच, शिफारस केलेले, मग डॉटनेट, मीडिया प्लेअर, जावा असे जोडभाग, आणि शेवटी विंडोजच्या सवयी बदलणाऱ्या बारीकसारीक खुब्या. प्रत्येकापुढे चौकट, महत्त्वाच्यांवर आधीच खूण. एखादी गोष्ट गाठोड्यात असणं वेगळं आणि तिच्यावर आधीपासून खूण असणं वेगळं. खूण असलेली चौकट फारसं कुणी काढत नाही. म्हणून मला ऑटोपॅचरच्या यादीपेक्षा त्या खुणांमध्येच जास्त कारागिरी दिसते.

ऑगस्ट २००७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनं ते बंद करायला सांगितलं. आमच्या फायली आमच्याकडूनच उतरल्या पाहिजेत, असं कंपनीचं म्हणणं. हे म्हणणं चुकीचं नव्हतं. तिसऱ्याच्या हातून आलेल्या पॅचमध्ये काय मिसळलंय, हे घरच्या माणसाला कसं कळणार? पण चार वर्षं चालू दिल्यावर कंपनीला हे आठवलं, हेही खरं. ऑटोपॅचर पुढे परतलं, मात्र रूप बदलून : गाठोडं नाही, नुसती यादी. फायली ज्याच्या त्यानं मायक्रोसॉफ्टकडूनच उतरवायच्या. जर्मनीतल्या 'सी'टी' मासिकाचं ऑफलाइन अपडेट हे साधनही याच वाटेनं चाललं. म्हणजे गाठोडं बांधणाऱ्याकडे फायली उरल्या नाहीत. उरली ती निवड.

२०१६ साली मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ साठी स्वतःच असं एक गाठोडं बांधलं. २०११ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून एप्रिल २०१६ पर्यंतचं जवळपास सगळं त्यात होतं. त्याला दुसरा सर्व्हिस पॅक म्हणायचं मात्र टाळलं. या सगळ्या कथेत मला सर्वांत आवडतं ते त्यातून काय वगळलं ते. इंटरनेट एक्सप्लोररचे पॅच नाहीत. डॉटनेटचे नाहीत. ज्यानं यंत्राचं वागणं बदलतं, ते नाही. जे बसवल्यावर माणसाला हातानं आणखी काही करावं लागतं, तेही नाही. आणि हे गाठोडं बसायला आधी एप्रिल २०१५ चं एक छोटं अपडेट हवंच, ते आत नाही. उंबरठा वेगळा, घर वेगळं.

काही महिन्यांनी निवडच संपली. विंडोज १० मध्ये पहिल्यापासून आणि ऑक्टोबर २०१६ पासून ७ मध्येही, महिन्याचं सगळं एकाच ढेपेत येऊ लागलं. त्यातली एक दुरुस्ती नको असेल तर सगळीच नको. एकमेकांशी न जुळणाऱ्या अर्धवट मशीनची संख्या त्यानं कमी झाली, हे मान्य. माझ्यासारख्याचा रविवार मात्र गेला.

परवा ती सीडी उघडून बॅच फाइल वाचली. प्रत्येक ओळीत पॅचचं नाव, पुढे न विचारता बसवण्याची आणि मशीन पुन्हा सुरू न करण्याची खूण. अधेमधे काही ओळींच्या सुरुवातीला 'रेम' लिहिलंय, म्हणजे ही ओळ वाचू नकोस. मीडिया प्लेअर रेम, कारण पतसंस्थेत गाणी कोण ऐकणार. दुसरे दोन-तीन रेम का आहेत, ते आता मलाच सांगता येत नाही.

तिच्याखाली आणखी एक सीडी सापडली. छापखान्यात मराठी जुळणीचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं, पॅरलल पोर्टला लावलेल्या, परवाना तपासणाऱ्या डाँगलवर चालणारं. दुसरा सर्व्हिस पॅक टाकला आणि ते उघडेचना. लग्नसराईचे दिवस होते, पत्रिका अडकल्या होत्या आणि मालक माझ्याकडे बघतही नव्हते. रात्री दोनपर्यंत बसून मी पहिल्या पॅकवर परत आलो, त्या मशीनची इंटरनेटची तार काढली आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्यांच्यासाठी वेगळी सीडी केली. तिच्यावर लिहिलंय : 'प्रेस. एसपी २ नको. तार लावू नये.'